नग मोजू नका, चालू तास मोजा: कोकण किनाऱ्यावर हलती-बोलती पात्रे बसवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
कोकण किनाऱ्यावरील नगरपरिषदा व नगरपंचायती, जिल्हा नियोजन समित्या, पर्यटन विभाग आणि खासगी उद्याने-रिसॉर्ट चालवणारे सर्वजण

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

किनाऱ्यावरच्या बागेत, संग्रहालयात किंवा रिसॉर्टच्या आवारात मान वळवणारी, डोळे मिचकावणारी, पाहुण्यांशी बोलणारी यंत्रपात्रे बसवण्याचा विचार आपल्यापैकी काही जण करत असतील. आम्ही अशी पात्रे बनवणारे, आणि बनवण्यापेक्षा जास्त वेळ दुरुस्त करणारे कारागीर आहोत: वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, मूर्तिकार, प्रोग्रॅमर. पात्रे बसवूच नका असे आमचे म्हणणे नाही. ती ज्या पद्धतीने मागवली जातात त्या पद्धतीबद्दल मात्र बोलायचे आहे. निविदेत ‘डायनासोर ५ नग, मावळा २ नग, मच्छीमार १ नग’ असे लिहिले जाते. उद्घाटनाला आठही नग हलतात, फोटो निघतात, देयक निघते. पहिला पावसाळा सरला की ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशा पाट्या लागतात.

निविदा नगांची काढली की नग मिळतात. आपल्याला हवे असतात ते चालू तास. दिवसाला ८ तास, आठवड्याला ६ दिवस, वर्षातले ४२ आठवडे धरले तर सुमारे २००० तास होतात. एवढ्या काळात पात्राने दर पाच सेकंदांनी एकदा मान वळवली, तरी वर्षाला ती १४ लाख ४० हजार वेळा वळते. काही शे रुपयांत मिळणारी हौशी सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनात वळून थांबणारी छोटी मोटर) या कामाची नाही. तिच्यातला स्थिती मोजणारा छोटा पोटेन्शिओमीटर झिजतो आणि मान जागच्या जागी थरथरू लागते. पात्राला कापरे भरले की समजावे, हाच भाग गेला. म्हणून पहिली मागणी: आठ पात्रांच्या पैशांत तीनच घ्या, पण प्रत्येकाची २००० तासांची लेखी हमी घ्या, आणि पॅनेलमध्ये कोणालाही शून्यावर नेता न येणारे तास-मीटर बसवून घ्या.

आता खाऱ्या हवेविषयी. यंत्रांच्या परदेशी माहितीपत्रकात ‘बाह्य वापरास योग्य’ असे छापलेले असते. ते आपल्या किनाऱ्याला लागू होईलच असे नाही. गंजाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत समुद्राला लागून असलेली दमट जागा सी-५ या फार तीव्र वर्गात धरली जाते, आणि निविदेत तो वर्ग नावानिशी लिहिलेला असला पाहिजे. २६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला, तेव्हा त्याच्या अनावरणाला नऊ महिनेही झाले नव्हते. त्याआधी काही दिवस, खाऱ्या वाऱ्याने आणि पावसाने नट-बोल्ट गंजत असल्याचे सार्वजनिक बांधकाम विभागाने पत्राने कळवले होते. पुतळा पडण्याच्या कारणांवर पुष्कळ चर्चा झाली, तिच्यात आम्ही पडत नाही. पण तो जागचा न हलणारा पुतळा होता. सांधे असलेल्या, दर पाच सेकंदांनी हलणाऱ्या वस्तूत गंज किती वेगाने काम करील याचा विचार व्हावा.

सांगाड्याचे साधे लोखंड रंगवून भागत नाही. ६ मिलिमीटरपेक्षा जाड लोखंडावर गरम जस्ताचा सरासरी ८५ मायक्रॉनचा थर हवा, आणि क्रम महत्त्वाचा आहे: कापणे, भोके पाडणे, वेल्डिंग हे सगळे आधी आणि जस्तात बुडवणे शेवटी. जागेवर आणून ‘थोडेसे’ वेल्डिंग केले की तेवढा जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. स्टेनलेस म्हणून दिले जाणारे बोल्ट बहुधा ३०४ दर्जाचे असतात. समुद्राजवळ त्यांच्यावर तपकिरी डाग पडतात आणि फटींत खड्डे पडत जातात. २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेला ३१६ दर्जा मागा. लोहचुंबक लावून ३०४ की ३१६ हे कळत नाही, दोन्हींना तो जवळजवळ चिकटतच नाही. मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या द्रावणाचा थेंब टाकून तपासणी करता येते. माल ताब्यात घेताना ती करावी. अॅल्युमिनियमच्या भागात स्टेनलेस बोल्ट थेट बसवला असेल तर खाऱ्या ओलाव्यात अॅल्युमिनियम पांढरे पडून भुसभुशीत होते. मध्ये नायलॉनचा वॉशर आणि बुश (भोकात बसणारी नळी) टाकला की हे टळते. ट्रॉलरच्या तळाला लावतात तसे जस्ताचे ठोकळे लावून देतो, असे सांगणारा कोणी भेटलाच, तर त्याला नम्रपणे परत पाठवा. ते ठोकळे पाण्यात बुडालेल्या लोखंडालाच वाचवतात, हवेत उभ्या असलेल्या डायनासोरला नाही.

डायनासोरांचे वेगळे सांगायला हवे, कारण सर्वांत जास्त मागणी त्यांनाच आहे. जगभरच्या उद्यानांतले हलते डायनासोर मोठ्या संख्येने चीनच्या सिच्वान प्रांतातल्या झिगाँग शहरात बनतात. रचना ठरलेली: आत लोखंडी सांगाडा, त्यावर स्पंजाचे जाड थर, वरून सिलिकॉनचा लेप आणि रंग. मोटरी बहुतेक गाडीच्या वायपरसारख्या. कोरड्या हवेत हे उत्तम चालते. आपल्याकडे उन्हाने लेपाला मानेच्या आणि शेपटीच्या वळीत बारीक चिरा पडतात, मग जून उजाडतो. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो त्या चिरांतून स्पंजात जिरतो आणि बाहेर यायला वाट नसते. शेपटी जड होते, मोटर जास्त करंट ओढते, फ्यूज उडतो. फ्यूज उडतो म्हणून कोणीतरी मोठा फ्यूज घालतो, आणि मग मोटरच जळते. सांगाडा आतून गंजत असतो तो कुणाला दिसतच नाही. घ्यायचेच असतील तर स्पंजाऐवजी पाणी न शोषणारा बंद पेशींचा फोम, पोटाच्या आणि शेपटीच्या सर्वांत खालच्या जागी २० मिलिमीटरची निचऱ्याची भोके, आणि सांगाडा पाहता यावा म्हणून पोटाला उघडता येणारी चेन, या तीन गोष्टी लिहून घ्या. चेन नसली तर घेऊच नका.

वाऱ्याचा हिशेबही मागा. ताशी १२० किलोमीटर वेगाचा वारा समोरच्या पृष्ठभागावर चौरस मीटरला साधारण ६८ किलोचा दाब देतो. बाजूने ६ चौरस मीटर क्षेत्र असलेल्या डायनासोरावर हा भार ४०० किलोच्या पुढे जातो, आकाराचा गुणांक धरला तर आणखी बदलतो. जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते ही चक्रीवादळे आपण पाहिलेली आहेत. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या वाऱ्याच्या भारावरील तिसऱ्या भागाप्रमाणे केलेले गणित, संरचना अभियंत्याच्या सहीसह, पायाच्या नकाशाला जोडलेले असावे.

खरे तर पात्रे छपराखाली, शक्यतो चार भिंतींत घ्यावीत असेच आमचे मत आहे. १९६३ साली डिस्नेलँडमध्ये ‘टिकी रूम’ सुरू झाली, तेव्हा दीडशेहून अधिक बोलणारे पक्षी, फुले आणि मुखवटे एका बंद दालनात होते, आणि त्या उद्यानातली ती पहिली पूर्ण वातानुकूलित इमारत होती. थंड हवेची गरज पाहुण्यांइतकीच यंत्रांनाही होती. मोकळ्या किनाऱ्यावर आपण तेच काम उघड्यावर करू पाहतो.

हालचाल कशाने द्यायची? तेलदाबावर चालणारी पात्रे ताकदवान असतात. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यातला खुर्चीतून उठून भाषण करणारा अब्राहम लिंकन तेलदाबावर चालत असे. पण तेल गळते, आणि सदऱ्यावर तेलाचा डाग पडलेला नेता कोणाला पाहवत नाही. हवेवर चालणारी यंत्रणा स्वस्त आणि चपळ असते, म्हणून कंत्राटदार ती सुचवतात. तिचा आपल्याकडचा शत्रू दमटपणा. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम पाण्याची वाफ असते. तीच हवा ७ बारवर दाबून पुन्हा ३० अंशांपर्यंत थंड झाली की त्यातले साधारण २२ ग्रॅम पाणी होऊन बाहेर पडते. तासाला २० घनमीटर हवा ओढणारा कंप्रेसर आठ तासांत साडेतीन लिटर पाणी तयार करतो. हे पाणी टाकीत साठते, नळ्यांतून व्हॉल्व्हमध्ये जाते, ग्रीस धुऊन काढते, आणि हात अर्ध्यावर अडकतो. हवेची यंत्रणा घेतलीच तर शीतकरण पद्धतीचा ड्रायर आणि टाकीला आपोआप उघडणारा निचरा हवाच. ‘रोज संध्याकाळी हाताने सोडू’ हे पहिले आठ दिवस होते.

आमची शिफारस विजेच्या मोटरींची आहे, मोठ्या सांध्यांना गिअरबॉक्स आणि एन्कोडर (मोटर किती फिरली ते मोजणारा भाग) असलेल्या बिनब्रशच्या, आणि शेपूट-जबड्यासारख्या एकसुरी हालचालीला वायपर मोटर. वायपर मोटरचा वर्म गिअर बाहेरून ढकलला तर मागे फिरत नाही. एखाद्या मुलाने हात धरून ओढला की दातेच तुटतात. म्हणून सांधा आणि मोटर यांच्यामध्ये घसरणारा क्लच किंवा स्प्रिंगची जोडणी असावी. ती मुलाच्या बोटांसाठीही लागते.

विजेचा प्रश्न सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचा पात्रांवर होणारा परिणाम लक्षात येत नाही. वीज जाऊन परत आली की स्वस्त कंट्रोलर सर्व मोटरींना एकदम शून्य स्थितीवर फेकतो. वर उचललेला हात झटक्याने खाली येतो आणि काखेत सिलिकॉन फाटते. कातडी फाटण्याच्या तक्रारींत कातडीचा दोष अनेकदा नसतोच. वीज आल्यावर आधी ३० सेकंद थांबणे, मग एकेक सांधा सावकाश जागेवर आणणे, हे प्रोग्रॅममध्येच असले पाहिजे, आणि वीज जाताच पात्राला नीट ‘बसवण्या’पुरता दोन-तीन मिनिटांचा यूपीएस (बॅटरीवरचा वीजपुरवठा). अर्थिंगची जागा दाखवून घ्या. कोरड्या जांभ्यात एक रॉड ठोकून पुरेसे अर्थिंग मिळत नाही, एप्रिल-मेमध्ये तर नाहीच, आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच कडाडतात. पात्राच्या अंगात २४ व्होल्टपेक्षा जास्त दाब नसावा. २३० व्होल्ट कुंपणाबाहेरच्या पॅनेलपर्यंतच, तिथे ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणारा सर्ज संरक्षक. पॅनेल आयपी ६५ (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न येऊ देणाऱ्या) दर्जाचे असले तरी केबल खालून, ग्लँडमधूनच (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातूनच) आत यावी. मोकळे राहिलेले एक भोक पालीला पुरते, आणि दोन टर्मिनलांमध्ये आडवी झालेली पाल संध्याकाळचा खेळ बंद पाडते. घट्ट बंद पेटीत रात्री दव धरते, त्यासाठी आत १५-२० वॉटचा छोटा हीटर चालू ठेवावा.

कंट्रोलबाबत एकच सूचना. रंगमंचाच्या दिव्यांसाठीची डीएमएक्स पद्धत पात्रांसाठीही वापरतात, हरकत नाही. पण तिच्या एका वाहिनीत २५६ पायऱ्याच असतात. १८० अंशांत फिरणारा, ७० सेंटिमीटर लांबीचा हात त्या हिशेबाने दर पायरीला टोकाशी जवळजवळ ९ मिलिमीटर उडी मारतो, आणि सावकाश हालचालीत ती उडी दिसते. प्रत्येक मोठ्या सांध्याला दोन वाहिन्या जोडून १६ बिटची, म्हणजे कितीतरी बारीक पायऱ्यांची, हालचाल मागा. खर्च फारसा वाढत नाही.

आता चेहरा. इथे आमचे मत बऱ्याच जणांना पटत नाही. हुबेहूब माणसासारखी पात्रे मागवू नका. जपानी संशोधक मासाहिरो मोरी यांनी १९७० सालीच मांडले होते की बाहुली माणसासारखी होत जाते तसा तिच्याबद्दलचा जिव्हाळा वाढतो, पण ती जवळजवळ माणूस झाली की एकाएकी अंगावर काटा येतो. हे अंतर ओलांडायला फार पैसा लागतो. चेहऱ्याला डोळ्यांच्या २, पापण्यांच्या २, भुवयांच्या २, जबड्याची १, ओठांच्या ४ आणि मानेच्या ३ अशा किमान १४ मूव्हमेंट (स्वतंत्र हालचाली) लागतात. वर ३ ते ६ मिलिमीटरची सिलिकॉनची कातडी, जी ओठांच्या कोपऱ्यात आणि पापणीच्या कडेला आधी फाटते. आत जाळीचे कापड घातल्याशिवाय ती वर्ष काढत नाही, आणि दमट हवेत तिच्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात. छत्रपतींचा किंवा एखाद्या संताचा चेहरा घेऊन त्यातली एक पापणी अडकली, तर लोकांचा राग रास्त असेल आणि तो आपल्याच दारात येईल.

त्याऐवजी आपल्याकडे संकासूर आहे. दशावताराच्या पूर्वरंगात येणारा, वेद पळवणारा, मालवणीत बोलून हशा पिकवणारा. काळा बुरखा, पांढऱ्या रेघांचे डोळे, लांब लाल जीभ. पापण्या नाहीत, ओठ नाहीत, त्वचा नाही. मानेच्या २, जिभेची १, हातांच्या २ आणि छाती भरून येण्याची १, अशा सहा मूव्हमेंटमध्ये तो उभा राहतो. बुरखा उन्हाने विटला की शिंप्याकडून नवा शिवून घ्या. मुखवट्याचे पात्र माणसासारखे दिसण्याचा दावाच करत नाही, म्हणून ते फसत नाही. लहान मुले घाबरतील म्हणाल, तर ते त्याचे कामच आहे. मात्र आवाज आणि लकबी ज्या दशावतारी कलावंताकडून घ्याल त्याच्याशी लेखी करार करा, ध्वनिमुद्रणाचे मानधन एकदा आणि वापराचे दरवर्षी. नाटकमंडळ्या जत्रांच्या हंगामात, कार्तिकापासून पुढे, रात्र रात्र उभ्या असतात. त्यांच्या पोटावर पाय येईल असे यंत्र कोकणात नको.

हालचाल बसवण्याचे काम प्रोग्रॅमरवर सोडू नये. त्याला मोटर कळते, नजर कळेलच असे नाही. माणूस आधी डोळे वळवतो आणि क्षणभराने मान. दोन्ही एकदम वळले की पात्र पंख्यासारखे दिसते. स्वस्थ उभ्या पात्राची छाती मिनिटाला १२ ते १६ वेळा वरखाली झाली पाहिजे, नाहीतर दोन वाक्यांच्या मधल्या वेळात ते मेलेले वाटते. प, फ, ब, भ, म या अक्षरांवर तोंड मिटले नाही तर बोलणे दुसऱ्याच कोणाचे वाटते. मोटरला पोचायला वेळ लागतो, म्हणून जबड्याची हालचाल आवाजाच्या १०० ते १५० मिलिसेकंद आधी सोडावी, आणि स्पीकर खांबावर न लावता पात्राच्या छातीत बसवावा. हे ज्ञान कुडाळजवळच्या पिंगुळीत कळसूत्री बाहुल्या नाचवणाऱ्या ठाकर कलावंतांच्या बोटांत आहे. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्या गावातल्या एखाद्या जाणत्याला हालचाल-दिग्दर्शक म्हणून घ्या आणि एका मिनिटाच्या खेळाला निदान दोन दिवस द्या.

‘एआयवर बोलणारे पात्र’ हा सध्या सर्वांत महाग विकला जाणारा शब्द आहे. लाटांच्या, वाऱ्याच्या आणि सहलीच्या गलक्यात मालवणी किंवा आगरी बोली ओळखणे त्या यंत्रणेला जड जाते, नेटवर्क गेले की ती मुकी होते, आणि उत्तर यायला दोन सेकंद लागले तरी पाहुणा पुढे सरकतो. आडोशाला माइक आणि जॉयस्टिक घेऊन बसलेला एक हजरजबाबी माणूस हे काम कितीतरी चांगले करतो. डिस्नेने २००४ मध्ये आपल्या एपकॉट उद्यानात पाहुण्यांशी गप्पा मारणारे कासव आणले, तेही पडद्याआड बसलेल्या माणसाच्याच जोरावर. गर्दी नसेल तेव्हा ध्वनिमुद्रित खेळ, शनिवार-रविवारी माणूस, एवढे पुरे आहे. स्थानिक पोराला नोकरीही मिळते.

सुरक्षेसाठी कुंपण पात्राच्या हाताच्या कमाल पल्ल्यापासून निदान १ मीटर बाहेर हवे. लाल बटण दाबल्यावर मोटर बंद व्हावी, पण उचललेला हात कोसळू नये, त्यासाठी ब्रेक किंवा तोलाची स्प्रिंग असते. ती आहे का, हे बटण दाबूनच पाहावे.

पैसे आणि माणसे यांचे काय? पात्राच्या किमतीच्या १५ टक्के रक्कम दरवर्षी देखभालीसाठी वेगळी ठेवता येत नसेल, तर ते पात्र आपल्याला परवडत नाही. फार मोठ्यांनाही हे चुकत नाही: फ्लोरिडातल्या डिस्नेच्या उद्यानात २००६ साली बसवलेला सुमारे २५ फुटी हिममानव काही महिन्यांतच पूर्ण ताकदीने हलेनासा झाला. तेव्हापासून लुकलुकणाऱ्या दिव्यांनी त्याच्या हालचालीचा भास केला जातो. आयटीआय झालेला एक फिटर आणि एक इलेक्ट्रिशियन पुरवठादाराकडे जुळणीच्या वेळीच पाठवा. हर्णे, देवगड, मालवणच्या बंदरांत बोटींची इंजिने उघडणारे मेकॅनिक तर खाऱ्या पाण्याशी रोज झुंजतात, त्यांना शिकवायला वेळ लागत नाही. सर्व नकाशे, वायरिंगचे आराखडे, खेळाच्या मूळ फाइल आणि पासवर्ड ताब्यात आल्याशिवाय काम पूर्ण झाल्याचा दाखला देऊ नका. दर पाच मोटरींमागे एक सुटी मोटर कपाटात असावी.

देयकाचे हप्ते असे पाडा: बसवून चालू झाल्यावर ६० टक्के, तास-मीटरवर ५०० तास भरल्यावर २०, आणि उरलेले २० पावसाळ्यानंतर. हा शेवटचा हप्ता ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातल्या चाचणीवर अवलंबून ठेवा. पात्र सात दिवस रोज ८ तास चालवायचे, आणि क्लँप मीटरने (तारेभोवती पकडून करंट मोजणाऱ्या उपकरणाने) प्रत्येक मोटरचा करंट मोजून बसवल्या दिवशीच्या नोंदीशी ताडायचा. म्हणजे त्या दिवशीही नोंद घेतलेली असली पाहिजे, दोघांच्या सह्यांनिशी. ज्या मोटरचा करंट चतुर्थांशाहून जास्त वाढला असेल, तिथे गंज आहे, पाणी आहे किंवा बुश झिजला आहे. तो सांधा आपल्या माणसासमोर उघडून, दुरुस्त करून, पुन्हा मोजून दाखवल्यावरच पैसे सोडावेत.

कळावे,

आपले,
कोकणातील हलते देखावे आणि यंत्रपात्रे घडवणारे व दुरुस्त करणारे काही कारागीर